डेव्हिड ससून लायब्ररी, काळा घोडा : कारागिरांनी काढलेल्या वाचनालयाची मेंबरशिप घ्यावी का?

ज्यांना थोडक्यात हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, घ्या. फोर्ट, चर्चगेट, सीएसएमटी या पट्ट्यात ज्याचं रोजचं येणंजाणं आहे आणि ज्याला तास-दोन तास कोणी न उठवता बसायला जागा लागते त्याच्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला तरी मुंबईत सापडलेली नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कशाला कापला ते पुढे येईल. वेळ असेल तर मात्र पूर्ण वाचा, कारण मला नुसतं खुर्च्या आणि पंख्यांबद्दल लिहायचं नाहीये. ही जागा कोणी काढली हे समोरून जाणाऱ्या बहुतेक लोकांना माहीतच नसतं, आणि ते माहीत झालं की तिथं बसायला वेगळाच हुरूप येतो.

माझ्याबद्दल एवढंच की मी टूलरूमवाला माणूस, म्हणजे कारखान्यात साचे-हत्यारं बनवणाऱ्या खात्यातला. डिप्लोमा मेकॅनिकल, सगळी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत, आता रिटायर. राहायला ठाण्यात, त्यामुळे वाचनालयाची सवय लहानपणापासूनची, आमचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे आणि घरात कोणाचं ना कोणाचं कार्ड कायम असायचंच. फोर्टात एका कामासाठी वकिलांकडे खेटे घालायला लागले, दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये तीन-तीन तास मोकळे, हॉटेलात किती चहा पिणार, म्हणून इथं चौकशी केली आणि मेंबर झालो. काम संपलं, मेंबरशिप चालूच आहे.

आधी जागा कशी आहे ते. जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरच्या बाजूला, एल्फिन्स्टन कॉलेज आणि आर्मी अँड नेव्ही बिल्डिंगच्या मध्ये ही पिवळट दगडाची इमारत आहे, मालाडचा दगड. दारावर बघा, दाढीवाल्या पागोटेवाल्या माणसाचा पांढरा दगडी चेहरा आहे, तेच डेव्हिड ससून. आत शिरलं की जिन्यापाशी त्यांचाच उभा पुतळा, अंगात लांब झगा. वर गेलं की वाचायची खोली आणि तिला लागून रस्त्याच्या बाजूचा लांब व्हरांडा, आणि या व्हरांड्यासाठीच मी पैसे भरतो असं म्हटलं तरी चालेल. तिथं जुन्या पद्धतीच्या लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत, ज्यात एकदा पाठ टेकली की माणूस सरळ बसूच शकत नाही. पुस्तक छातीवर, पाय लांब, समोर कमानीतून झाडाची पानं आणि खाली एम. जी. रोडचा ट्रॅफिक. दुपारी जेवणानंतर अर्धा व्हरांडा झोपलेला असतो, कोणी काही बोलत नाही. आतल्या टेबलांवर सीएची आणि लॉची पोरं, एकेकाच्या पुढ्यात चार रंगांचे हायलायटर. आणि म्हातारी मंडळी पेपर पूर्ण उघडून वाचणारी, मोबाइलवर नाही, पेपर.

मागे बाग आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळणारसुद्धा नाही की या इमारतीच्या पाठीमागे एवढी हिरवळ असेल. काळा घोडा फेस्टिव्हलला ज्यांनी साहित्याचे कार्यक्रम ऐकलेत त्यांना माहीत असेल.

इमारतीचं मोठं काम अलीकडेच झालं, २०२३ साली परत उघडली. मधल्या काळात कधीतरी वाचायच्या खोलीवर काँक्रीटचा सपाट स्लॅब टाकला होता, तो काढून पुन्हा पूर्वीसारखं उतरतं लाकडी छप्पर केलंय. वर मान करून नुसत्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी लाकडी सांगाडे बघा, सुतारकाम काय असतं ते कळतं. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्येही त्या वर्षी याचं नाव आलं. मला आनंद याचा की काम झाल्यावर लोकांना परत तिथं वाचायला बसू दिलं, नाहीतर जुन्या वास्तूंचं म्हणजे दुरुस्ती झाली की दोरी लावतात आणि लांबून बघा म्हणतात.

आता मुख्य मुद्दा. ही लायब्ररी ससूनशेठनी काढली असं सगळे समजतात, नाव त्यांचं आहे म्हणून. तसं नाहीये. १८४७ साली मुंबईच्या टांकसाळीत आणि सरकारी गोदीत नोकरी करणाऱ्या तरुण कामगार-कारागिरांनी आपल्यासाठी एक संस्था काढली, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. यंत्रांची मॉडेल्स, इमारतींची डिझाइन्स बघायला ठेवायची, पुस्तकं जमवायची, व्याख्यानं करायची, म्हणजे आपल्या धंद्यातलं नवीन काय चाललंय ते आपण मिळून शिकायचं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये अशा संस्था १८२० नंतर भराभर निघाल्या होत्या, लंडनची १८२३ ची, आणि तिकडून ती कल्पना बोटीतून इथं आली. ससून कुटुंब नंतर आलं. डेव्हिड ससून बगदादचे ज्यू, १८३२ च्या सुमारास मुंबईत आले, त्यांनी या संस्थेच्या इमारतीसाठी ६०,००० रुपये दिले, एकूण खर्च सव्वा लाखाच्या आसपास, उरलेले सरकारने घातले. १८७० मध्ये इमारत उभी राहिली तेव्हा ते हयात नव्हते, १८६४ मध्ये पुण्यात वारले. पुणेकरांना ससून म्हटलं की हॉस्पिटल आठवतं आणि कॅम्पातलं लाल देऊळ, ते हेच. त्यांचा पैसा मोठ्या प्रमाणात चीनच्या अफूच्या व्यापारातला होता, हेही सांगायलाच पाहिजे, देणगी चांगली होती म्हणून धंदा चांगला ठरत नाही. पण माझ्यासाठी या जागेचे खरे मालक ते टांकसाळीतले आणि गोदीतले लोक, ज्यांची नावं दारावर नाहीत.

त्यांचं काम काय दर्जाचं होतं ते लक्षात घ्या. मुंबईची टांकसाळ वाफेच्या इंजिनांवर चालायची, १८३० च्या आसपासची गोष्ट, इथं रेल्वे यायची होती अजून, ती १८५३ मध्ये आली. म्हणजे या शहरात वाफेचं यंत्र उघडून दुरुस्त करून परत जोडणारे हात आधी टांकसाळीत आणि गोदीत तयार झाले. गोदीत वाडिया मंडळी सुरतेहून आल्यापासून शंभर वर्षं जहाजं बांधत होती. १८१७ साली इथं सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. त्याच वाडियांतले अर्देशीर कर्सेटजी, त्यांनी १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या घरात गॅसचे दिवे लावून दाखवले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, तेही १९१८ मध्ये. पहिला मान एका मरीन इंजिनिअरला मिळाला ही गोष्ट आमच्या डिप्लोमाच्या कॉलेजात कोणी सांगितली असती तर! वर्कशॉपच्या भिंतीवर फोटो लावायला पाहिजे त्या माणसाचा.

याच्याच शेजारी एशियाटिक सोसायटी ठेवून बघा. हॉर्निमन सर्कलला टाउन हॉलच्या त्या तीस पायऱ्या, वर मोठे खांब, आत ग्रंथालय. तिथं पण वाचायला बसलोय, ग्रंथांच्या बाबतीत ससून तिच्या पासंगालाही पुरणार नाही, जुनं संशोधन करायचं असेल तर सरळ तिकडेच जा. पण सुरुवात कशी झाली? १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश, म्हणजे मुंबईचे न्यायाधीश, त्यांनी साहेब लोकांना जमवून लिटररी सोसायटी काढली, तीच पुढे एशियाटिक झाली. हिंदुस्थानचा अभ्यास करायचा आणि हिंदुस्थानी माणूस मेंबर नाही. माणकजी कर्सेटजींना १८४० मध्ये घेतलं तेव्हा कुठे दार उघडलं. काशिनाथ त्र्यंबक तेलंग अध्यक्ष झाले ते १८९२ मध्ये. म्हणजे स्थापनेपासून अठ्ठ्याऐंशी वर्षांनी पहिला भारतीय अध्यक्ष. क्लबांची तर कथाच वेगळी. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, भारतातली पहिली कसोटी मॅच १९३३ मध्ये त्याच ग्राउंडवर झाली, आपला कॅप्टन सी. के. नायडू, आणि क्लब तेव्हा गोऱ्यांचा, नायडूंना खेळायला मैदान पण मेंबरशिप नाही. मला या गोष्टीचा आजही राग येतो, आणि यायलाच पाहिजे.

म्हणून मला त्या काळातल्या धंदेवाल्यांच्या संस्था जास्त जवळच्या वाटतात. काळा घोड्याहून हॉर्निमन सर्कलपर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्या टापूत एवढ्या संस्था निघाल्या की थक्क व्हायला होतं. शेअर दलालांचंच घ्या. टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली उभं राहून सौदे करायचे, कापसाच्या तेजीत अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे पैसाच पैसा, १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं, घरंदारं गेली लोकांची. त्यानंतर शहाणपण आलं. जागेवरून हाकलाहाकली, मग दलाल स्ट्रीट, आणि १८७५ मध्ये रीतसर असोसिएशन, प्रवेश फी एक रुपया, मेंबर ३१८. आज त्याला आपण बीएसई, म्हणजे मुंबई शेअर बाजार म्हणतो. एक रुपयाची पावती फाडून चालू झालेली संस्था आहे ती.

त्याच १८७५ मध्ये गिरणीमालकांनी आपली असोसिएशन काढली. मालक एकत्र आले, मग कामगारांचं काय? नारायण मेघाजी लोखंडे, पुण्याकडचा सत्यशोधक माणूस, स्वतः गिरणीत स्टोअरकीपर राहिलेला, त्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये, त्यांच्याच चळवळीने. मी रविवारी टूलरूमला कुलूप लावून आयुष्यभर घरी झोपलो ते लोखंड्यांच्या जिवावर. त्यांच्या असोसिएशनला वर्गणी, नियम, ऑफिस असं नीटसं काही नव्हतं म्हणून काही अभ्यासक तिला युनियन मानायला तयार नसतात. मानू नका, सुट्टी तर मिळाली ना.

आणि एक संस्था सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउस आहे ते, लायब्ररीपासून पाच-सात मिनिटं. १५ सप्टेंबर १८८३, आठ जण जमले, भायखळ्याच्या म्युझियममध्ये, आपापल्या शिकारीच्या न् किड्यापाखरांच्या नोंदी एकमेकांना दाखवायला. त्यात दोन आपले, दोघंही डॉक्टर, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे, तर्खडकर. सखाराम अर्जुन म्हणजे डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील, ज्या रखमाबाईंनी बालपणी लावून दिलेल्या लग्नाविरुद्ध कोर्टात एवढा मोठा लढा दिला. वनस्पतींचा जबरदस्त नाद, मुंबईतल्या औषधी वनस्पतींची यादी त्यांनी केली. विचार करा, एका बाजूला घरात मुलीला शिकवतोय, दुसरीकडे दवाखाना, आणि संध्याकाळी जाऊन झाडपाल्यावर चर्चा. सुरुवातीला संस्थेला स्वतःची जागा कुठली, फिप्सन नावाचा एक वाइनचा व्यापारी होता, त्याने आपल्या दुकानात जागा दिली. तिथंच कारवारकडून आलेला एक धनेश पक्षी, म्हणजे हॉर्नबिल, पाळला होता, विल्यम नाव, १८९४ ते १९२० पर्यंत तो ऑफिसात साहेबांच्या खुर्चीमागे राहिला, आजही संस्थेच्या चिन्हावर धनेश आहे. याच संस्थेत १९०८ मध्ये बारा वर्षांचा एक मुलगा पिवळ्या गळ्याची मेलेली चिमणी घेऊन आला, ही कोणती म्हणून विचारायला, आणि सेक्रेटरी मिलर्डने त्याला हाकलून न देता कपाटं उघडून पक्षी दाखवले. तो मुलगा सालिम अली. चांगला सेक्रेटरी असला की काय होतं ते बघा.

हे सगळं मी कुठे वाचलं तर याच व्हरांड्यातल्या खुर्चीत. म्हणून रिव्ह्यूमध्ये घालतोय, विषय सोडून नाही.

आता मनातलं थोडं. मी स्वतः एका औद्योगिक वसाहतीतल्या संघटनेच्या कमिटीवर बरीच वर्षं होतो, नाव घेत नाही. चांगली माणसं सगळी, पण वर्षभराचं काम म्हणजे पाण्याच्या बिलाचं निवेदन, दिवाळीचं स्नेहसंमेलन आणि सत्कार. नवीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली तेव्हा मी म्हटलं की आपण महिन्यातून एकदा शनिवारी एखाद्याच्या शेडमध्ये जमू, ज्याने मशीन घेतलंय तो दाखवेल, चुका सांगेल, पोरांना शिकायला मिळेल. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण शेड द्यायला कोणी पुढे आलं नाही, कारण दुसऱ्याने आपली जॉब कॉपी केली तर? १८४७ मधल्या टांकसाळीतल्या फिटरला हीच भीती वाटली नसेल का? तरी त्यांनी मॉडेल्स मांडली, सगळ्यांना बघू दिली. मला हे फार लागतं मनाला. आमच्याकडे त्यांच्यापेक्षा पैसा जास्त होता, जागा जास्त होती, फोन होता, गाड्या होत्या, आणि आम्ही एक कपाटभर पुस्तकंसुद्धा मागे ठेवली नाहीत.

त्याच वेळची दुसरी संस्था, १८४८ ची, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी यांच्यासारखी पोरं, विशी-पंचविशीतली. निबंध वाचायचे, मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा चालवायच्या, आणि तेवढ्यावर न थांबता १८४९ मध्ये मुलींच्या शाळाच काढल्या, नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात जागा दिली. सुरुवातीला मास्तरांना पगार नव्हता, हीच पोरं फुकट शिकवायला जायची. निबंध वाचणाऱ्या मंडळाने शाळा काढून दाखवली! आपल्याकडे आता प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक बॅचचा ग्रुप आहे, सकाळी सत्तर जणांचं गुड मॉर्निंग येतं, पण शनिवारी दोन तास खरोखर येणारे किती निघतात ते बघा.

बरं, परत लायब्ररीकडे. अर्धा स्टार कापला तो आवाजाचा. व्हरांडा थेट एम. जी. रोडवर, बसचे ब्रेक, टॅक्सीचे हॉर्न, संध्याकाळी पाचनंतर तर फारच. लायब्ररी त्याला काय करणार, रस्ता तिच्या हातात नाही, पण ज्यांना एकदम शांतता लागते त्यांनी आतल्या खोलीत नाहीतर मागच्या बाजूला बसावं. पुस्तकं इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजराती सगळी आहेत, जुनी भरपूर. एकदम ताज्या बेस्टसेलरसाठी मेंबरशिप घेत असाल तर त्यापेक्षा पुस्तक विकत घ्या, इथं यायचं ते जुन्यासाठी आणि बसण्यासाठी.

एक इच्छा आहे माझी, तक्रार नाही. त्या पहिल्या कारागिरांसाठी इमारतीत एक कोपरा असावा. एखादं वाफेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल, काचेत, कळ दाबली की पिस्टन हलेल असं, खाली मराठीत दोन ओळी. मॉडेल करायला पैसे लागतील म्हणाल तर ठाण्यात आम्ही चार-पाच रिटायर टूलरूमवाले आहोत, मटेरियल द्या, मजुरी नको. हे मी खरंच म्हणतोय.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. चर्चगेटहून किंवा सीएसएमटीहून चालतच या, गाडी आणू नका, पार्किंगचा वैताग आहे. फोटो आणि ओळखपत्र बरोबर ठेवा, मेंबरशिपचे प्रकार काउंटरवर विचारून घ्या, वाचायचं फक्त की पुस्तक घरी न्यायचं त्यावर ठरवा. फेब्रुवारीत फेस्टिव्हलच्या दिवसांत वाचायला येऊ नका, गर्दीत काही वाचून होत नाही, त्या दिवसांत बागेतले कार्यक्रम ऐका. सगळ्यात भारी म्हणजे पावसाळ्यातली मधल्या वारची सकाळ, जुलैमध्ये. आणि व्हरांड्यातली खुर्ची हवी असेल तर जेवायच्या आधी पोचा, नंतर सगळ्या गेलेल्या असतात.